तीनदा मागितलेली माफी

—फार वेळ नाही हो, दहा मिनिटं, फार तर पंधरा. तुम्हाला तोंडातून अक्षर काढायचं नाहीये, नुसतं उभं राहायचं आणि ऐकायचं. ते बघा, फाटकातून सरळ आत, तिसऱ्या ओळीच्या टोकाला, झाडाच्या सावलीत माणसं उभी आहेत ना — नऊ आहेत. माणसं मोजू नयेत म्हणतात आपल्यात, पण मी मोजून आलोय, नऊच आहेत. लागतात दहा. मला सोडून दहा. दहावा माझा पुतण्या यायचा होता, त्याचा पत्ता नाही. आजकालच्या पोरांचं तुम्हाला ठाऊकच आहे — म्हणजे पोर कसला, तिशीचा झालाय. म्हटलं, बाहेर कोणी दिसतंय का बघावं, तर तुम्ही कबरस्तानातून बाहेर पडून नळावर हात धूत होतात, तांब्यानं आधी उजव्यावर, मग डाव्यावर, मग परत उजव्यावर. म्हटलं, हा आपल्यातलाच, यहुदी. शिवाय तुमचा कोट. रागावू नका, उजवा खांदा तुमचा अर्धं बोट खाली आहे, आणि ज्यानं शिवलाय त्यानं ते बघितलं नाही. शिंपी आहे मी. माणूस दिसला की आधी खांदे दिसतात, तोंड नंतर. आईसाठी आला होतात? बरं केलंत. मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी यावंच.

उठलात? वा, चांगले आहात तुम्ही, दुसरा कोणी असता तर घड्याळ दाखवलं असतं. पण बसा. बसा हो क्षणभर. फाटक तीनला लावतो तो रखवालदार, अजून पाऊण तास आहे, आणि ती माणसं काही उन्हात नाहीत. तुम्ही कशासाठी उभे राहणार आहात ते तरी कळायला नको का? न सांगता नेऊन उभं केलं तर ती फसवणूक झाली, आणि आजच्या दिवशी तेवढं एक नको. तर — आपल्यात कसं आहे, तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो — देवाचा केलेला अपराध देव उद्या संध्याकाळपर्यंत पुसून टाकतो, पण माणसाचा केलेला असेल तर त्याला तो हात लावत नाही. म्हणतो, आधी त्याच्याकडे जा, त्यानं माफ केलं तर माझ्याकडे ये. आणि तो माणूसच गेला असेल तर? तर दहा जण घेऊन त्याच्या मातीपाशी जायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, देवाचा आणि या माणसाचा मी अपराधी आहे, मी याचं अमुक अमुक केलं. अमुक म्हणजे अमुक, हं. नाव घेऊन. दहा जणांना ऐकू जाईल असं. मग ते दहा जण म्हणतात, तुला माफ आहे, तुला माफ आहे, तुला माफ आहे. तीनदा. म्हणजे तेवढं मात्र तुम्हाला म्हणावं लागेल, मघाशी सांगायचं राहिलं.

माझा भाऊ. धाकटा. चार महिने झाले. आमचं दोघांचं दुकान होतं, कोटाचं. पुढे काचेच्या कपाटात कापडाचे तागे, मध्ये कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, आणि इस्त्रीच्या वाफेनं कायम ओली असलेली एक भिंत. गिऱ्हाइकाशी बोलायचं, माप घ्यायचं, कापायचं — ते मी. शिवायचं दोघांनी. पण कॉलर फक्त त्याची. कोट शंभर जण शिवतात, कॉलर बसवणारा एखादाच. मानेला चिकटलीही पाहिजे आणि टोचायलाही नको. माणूस वळला तर तिनं त्याच्याबरोबर वळलं पाहिजे. धाकट्याची कॉलर घातली की माणूस आपोआप ताठ चालायचा. लोक दुकानात येऊन विचारायचे, कॉलर धाकटाच करणार ना? मोठ्या भावासमोर विचारायचे. मी हसायचो. हसायचं नाही तर काय करायचं, दुकान दोघांचं होतं.

आता तुम्ही कोट घालता म्हणजे तुम्हाला हे माहीत असणार — लोकर आणि लिनन आपण एका वस्त्रात घालत नाही. का, ते विचारू नका. सांगितलंय, म्हणून नाही. आणि गोम अशी की बाहेरून दिसणाऱ्या कापडात कोणी चूक करत नाही. चूक असते कॉलरच्या आत. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जाड कापडाचा तुकडा भरतात, तो बाहेरचे शिंपी सर्रास लिननचा भरतात. आमच्याकडे नाही. आमच्याकडे सुतीच. म्हणून तर आपले लोक अर्ध्या गावातून आमच्याकडे यायचे. दुकानावर पाटीसुद्धा नव्हती तशी, गरजच नव्हती. आमच्याकडचा कोट म्हणजे डोळे मिटून घालायचा.

मग एक लग्न निघालं. सभास्थानाच्या प्रमुखांचा मुलगा. कोट आठ दिवसांत हवा, आणि नेमकी त्याच आठवड्यात धाकट्याच्या बोटातून मशिनची सुई आरपार गेली. इथून, नखातून. बोट हे एवढं सुजलेलं. तो घरी. आणि आतलं सुती कापड संपलेलं. टेबलाखाली जुना एक गुंडाळा पडला होता, दुसऱ्या लोकांचे कोट शिवायचो तेव्हाचा, म्हटलं हा आहे तसलाच, घातला आणि — घाईत झालं. घाईत होतं माणसाच्या हातून. तुम्ही काय काम करता? असो. तुमच्याकडूनही होत असेल.

हो, हो, जाऊ. उठतोय मी. बेकरीवाला हात करतोय तिकडून, दिसतंय मला. त्याला सांगतो खुणेनं, हा बघा, दोन मिनिटं. काय आहे, बेकरीवाला, औषधवाला आणि मास्तर — ते टोपी काढून डोकं पुसताहेत ते मास्तर, शाळेतून निवृत्त झाले — हे तिघं या प्रकरणात पहिल्यापासून माझ्याबरोबर आहेत. बाकी माझे दोन जावई, माझे व्याही, आणि सभास्थानातले तिघं. त्यांना मी एवढंच सांगितलंय की भावाच्या मातीपाशी जरा प्रार्थनेला उभे राहा. मी काय म्हणणार आहे ते त्यांना माहीत नाही. व्याह्यांना तर नाहीच नाही. तर पुढचं ऐका, आता थोडंच राहिलंय.

वर्षभरानं त्या नवऱ्यामुलाचं पोट सुटलं. लग्न मानवलं. कोट सैल करायला हवा, पण घरच्या शिंप्याला पोट दाखवायची लाज, म्हणून तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शिंप्याकडे गेला. त्यानं कॉलर उसवली, आतला धागा भिंगाखाली धरला, आणि संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख आमच्या दुकानात. बरोबर चार माणसं. त्यांनी ती उसवलेली कॉलर कापायच्या टेबलावर ठेवली, मेलेलं पाखरू ठेवावं तशी, आणि शांतपणे विचारलं, इथे कॉलर कोण करतं? आवाज चढवला नाही हं. त्यांचा मुलगा तो कोट घालून लग्नाच्या मंडपाखाली उभा राहिला होता, तरी चढवला नाही.

मी काहीच बोललो नाही. मी खोटं बोललेलो नाही — आज मी कुठेही शपथ घेईन — माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. कॉलर कोण करतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी फक्त — मान वळवली. धाकटा मशिनशी बसला होता, त्याच्याकडे मान वळवली मी. एवढीच. एखाद्यानं हाक मारली की आपण बघतो ना, तेवढीच. जीभ हलली नाही, मान हलली. आणि मग त्या पाचही माणसांनी तिकडे बघितलं. धाकट्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या त्या बोटाकडे बघितलं. नख वाकडंच आलं होतं ते. मग उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्याकडूनच झालं असेल.”

असेल म्हणाला. झालं म्हणाला नाही. त्यालाही खोटं बोलवलं नाही, बघा. एका आईची पोरं.

संध्याकाळी दुकान आवरताना तो मला म्हणाला, दादा, उद्या सांगशील ना त्यांना? रागावून नाही. लहानपणी पाटी मागायचा तसं विचारलं. मी म्हटलं, सांगतो. आणि सांगणारच होतो हो. पण त्याच आठवड्यात माझ्या थोरलीची सोयरीक बोलायची होती. त्या व्याह्यांकडेच, तिकडे उभे आहेत ते. म्हटलं, तेवढं होऊ दे. ते झालं. मग म्हटलं, लग्न होऊ दे. मग दुसरीचं. कुठलीही गोष्ट उद्यावर टाकली की तिला पाय फुटत नाहीत, मुळं फुटतात. प्रमुखांनी काही आरडाओरडा केला नाही, दुकान बंद पाडलं नाही. एवढंच सांगून पाठवलं की धाकट्याचा हात कोटाला लागता कामा नये. म्हणजे दुकान राहिलं. माझं. तो गेला इस्पितळाच्या धुलाईत, चादरींना काठ घालायला. दिवसभर सरळ टीप. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दुसरी चादर. अकरा वर्षं. ज्याच्या बोटाला गोलाई कळायची, त्याला.

गेला. बेकरीवाला गेला. नळावर हात धुतोय बघा. त्याचं बरोबर आहे, उपासाआधीचे शेवटचे पाव आज लोकांना द्यायचेत त्याला, भट्टी सोडून आला होता बिचारा. आता आठ. तुम्ही नववे. असू द्या, पुतण्या आला की झालं. तुम्ही मघाशी उठला होतात तेव्हाच आत गेलो असतो तर — हो. कळतंय मला. तुम्ही बोलला नाहीत, पण तुमच्या तोंडावर दिसतंय.

माफीचं सांगायचं राहिलं. मी माफी मागितली नाही असं समजू नका. तीनदा मागितली. त्याच वर्षी, याच दिवसांत. आपल्यात नियमच आहे ना, तीनदा मागायची, तीन माणसं साक्षीला घेऊन. तिसऱ्यांदाही समोरच्यानं नाही म्हटलं तर तुम्ही मोकळे, मग दोष त्याचा. आमच्या जुन्या रब्बींकडे मी मुद्दाम गेलो होतो विचारायला. माफी कशी मागायची ते नाही विचारलं. किती वेळा ते विचारलं. आता सांगताना ऐकू येतंय मला ते. तेव्हा नाही आलं.

तर मी, औषधवाला, बेकरीवाला आणि मास्तर. पहिल्या दिवशी गेलो. धाकट्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, भावजय तेव्हा होती, तिनं खुर्च्या पुसून दिल्या. मी हात जोडले आणि म्हटलं, “माझ्याकडून कळत नकळत काही चुकलं असेल तर माफ कर.” सगळे असंच म्हणतात. तुम्हीही म्हटलं असेल या आठवड्यात दहा जणांना. धाकट्यानं मान वर केली आणि विचारलं, “कळत, की नकळत? आधी ते सांग.” आता तिघांदेखत मी काय सांगू? ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात ना, तसं झालं माझं, आणि तो म्हणत होता भांडं दाखव. मी म्हटलं, जे काही असेल ते. तो म्हणाला, मग जे काही असेल ते घेऊन जा परत.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दुसऱ्याच दिवशी — एकदाचं आटपायचं होतं. दारातच उभं केलं त्यानं. म्हणाला, दादा, काय केलंस त्याचं नाव घे. एकदा नाव घे, मी या तिघांसमोर तुझे पाय धरीन. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर माझ्याकडे. त्यांना वाटलं वाटणीचं काही असेल. मी परत तेच वाक्य म्हटलं. तिसऱ्या दिवशी दार उघडंच होतं. सुईत दोरा ओवत बसला होता. मी वाक्य म्हटलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. “नाही,” म्हणाला. दोरा ओवला गेला, गाठ मारली. जिना उतरताना मास्तरांनी पाठीवर हात ठेवला — सुटलास गड्या. आणि खरं सांगू? मला भूक लागली. किती महिन्यांनी कडकडून भूक लागली. त्या रात्री मी दोन वेळा वाढून घेतलं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही, तेच तर. तिघं साक्षीदार म्हणजे तीन तोंडं. उपासाच्या संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं — मोठा भाऊ तीनदा दारात गेला हात जोडून, आणि या पाषाणाला पाझर फुटला नाही. पाषाण. नावच पडलं त्याला. आधी कॉलरचं पाप, त्यावर भावाला माफ न करण्याचं. त्या संध्याकाळी तो प्रार्थनेला आला तर बाकावर कोणी सरकून जागा दिली नाही. मागे भिंतीशी उभा राहिला. आणि मग सगळे मिळून म्हणतात ना आपण, छातीवर मूठ मारत — आम्ही चुकलो, आम्ही फसवलं, आम्ही खोटं वागलो — सगळं आम्ही, आम्ही. मी भर आवाजात म्हटलं. तीनशे माणसांत माझा आवाज काय वेगळा लागणार. मागे वळून बघितलं नाही, पण मला माहीत होतं तो तिथे उभा राहून हेच म्हणतोय — आम्ही. माझ्या वाटचंही म्हणतोय. अकरा वर्षं असं चाललं.

मग भावजय गेली. मग चार महिन्यांपूर्वी तो, मशिनवरच. चादर अर्धी शिवलेली. अंघोळ घालायला, कपडा चढवायला मला बोलावलं नाही कोणी; पुतण्यानं सांगितलं होतं. बरोबरच आहे. मी फाटकाशी उभा होतो, आता बसलोय साधारण इथेच.

अहो, ते तिघं निघाले वाटतं. दोन्ही जावई आणि व्याही. गाडी एकच आहे ना त्यांची. हो, हो — या, या, नाही, मी येतो मागून — बायको वाट बघत असेल म्हणे, सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत. खरं आहे. आता पाच. व्याही जाताना हसले, बघितलंत? चांगला माणूस. त्यांच्यासमोर ते म्हणायचं म्हणजे माझ्या पोरीला — तिचा काय दोष? तिला त्या घरात पुढची तीस वर्षं काढायचीत. हे तुम्ही समजून घ्या. सगळ्यांनी म्हणायचं खरं बोल, खरं बोल, पण खरं बोललं की ते राहायला कुणाच्या घरी जातं?

तुम्ही काय विचारलंत? नाही, विचारा. ओळखता आलं नसेल का? लिनन? — घाईत झालं, मघाशी सांगितलं ना. आता बघा, हे तुमच्या कोटाचं कापड. मी डोळे मिटून चिमटीत धरलं तर सांगेन यात लोकर किती आणि भेसळ किती. चाळीस वर्षं हेच केलं. लिननचा धागा गार लागतो बोटाला. थुंकी लावून पिळला तर लगेच ओला होतो, सुती धागा वेळ घेतो. आणि शिंप्याला ते करावंही लागत नाही, कात्री घातली की आवाजावरून कळतं. मी थुंकी लावली होती. दोनदा. मग मी तो तुकडा कापला. नवीन सुती कापड आणायला बाजारात जायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि कोट उद्या द्यायचा, आणि — आणि कॉलर माझी होती. पहिल्यांदाच. प्रमुखांच्या मुलाच्या मानेवर माझी कॉलर. सुती कापडावर माझी कॉलर कधी उभी राहायची नाही, पडायची; त्याचा हात लागायचा त्याला. लिननवर मात्र कशीही शिवा, उभी राहते. उभी राहिली. लग्नात लोक म्हणत होते, काय कॉलर आहे, धाकट्याचा हात म्हणजे हात.

हे मी त्या दहा जणांना सांगणार नव्हतो. घाईत झालं, एवढंच सांगणार होतो. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक.

नवा रब्बी आहे आमच्याकडे, तरुण, दाढीसुद्धा नीट आलेली नाही. त्याच्याकडे गेलो गेल्या महिन्यात. त्यानं सगळं ऐकलं, म्हणजे मी जेवढं सांगितलं तेवढं, आणि म्हणाला, काका, नियमानं तुम्ही केव्हाच मोकळे आहात, मग कशासाठी आलात? मी म्हटलं, मोकळा आहे तर झोप का नाही? तेव्हा त्यानं ते दहा जणांचं सांगितलं. आणि वर म्हणाला, तशुवा म्हणजे परत येणं, काका. आणि पुरतं परत येणं कशाला म्हणतात ठाऊक आहे? माणूस पुन्हा त्याच जागी उभा राहतो, तीच वेळ, तोच मोह, आणि या खेपेला तसं वागत नाही. मी घरी येऊन हसलो. ती जागा कुठून आणू? टेबल आहे अजून, नेऊन दाखवतो हवं तर. मशिनशी बसलेला माणूस कुठून आणू, ज्याच्याकडे मी मान वळवणार नाही? त्या पोराचं बरं आहे. पुस्तकात परत यायचा रस्ता असतो, इथे रस्त्याच्या टोकाला माणूस लागतो, आणि तो नसला की रस्ता भिंतीत जातो. दहा जण मला तीनदा माफ आहे म्हणतील. ते कोण माफ करणारे? त्यांनी त्याला बाकावर जागा दिली नाही.

औषधवालाही निघाला. सभास्थानातले तिघंही. एकटे मास्तर राहिले. मास्तर राहतील, मास्तर राहणारे आहेत — नाही, तेही निघाले. इकडेच येताहेत. — हो मास्तर. नाही आला तो. बघा ना, काय करणार. हे? हे पाहुणे आहेत, आईसाठी आले होते. हो. हो. तुमचंही नाव देवाच्या चांगल्या वहीत लिहिलं जावो. — ऐकलंत ना, काय म्हणाले? जाऊ दे रे, उद्या सगळ्यांबरोबर म्हणशीलच की. मनाचा मोठा माणूस. हात किती वेळ धुताहेत बघा, वय झालं.

पुतण्याचा दोष नाही. तुम्ही त्याच्याबद्दल वाईट ग्रह करून घेऊ नका. मी परवा गेलो होतो त्याच्याकडे. दारातच म्हणाला, काका, बाबांसाठी मी रोज प्रार्थनेला उभा राहतो, तुमच्यासाठी कशाला येऊ? मी म्हटलं, नाव घेणार आहे. मग म्हणाला, येतो. किती वाजता? मी सांगितलं, चार वाजता.

तीनला लावतात, हो. मला माहीत आहे तीनला लावतात. गेल्या वर्षीही तीनलाच लावलं होतं. तोंडातून चार गेलं. वय झालं की जातं असं काहीतरी तोंडातून. मग परत निरोप धाडायचा होता, पण म्हटलं, येईल वेळेआधी, तरुण माणूस आहे — असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं, आणि तुम्ही ते विचारू नका. ते विचारणारा एकच होता, आणि त्याला मी तीन दिवस उत्तर दिलं नाही, तुम्हाला देईन?

नाही, आता दोघांनी जाऊन काही उपयोग नाही. तुम्ही येतो म्हणताय ते ठीक आहे, पण दोघांचं काय होतं? दोघं म्हणजे कोणीच नाही. आणि मला सांगून झालं असंही म्हणू नका. तुम्ही त्याला बघितलेलं नाही, त्याची कॉलर घातलेली नाही. उद्या तुमच्या गावात तुम्ही मला विसराल, आणि ते बरंच आहे. भिंतीला सांगितल्यासारखं झालं. नाही, अपमान करत नाहीये. निघा तुम्ही. खरंच निघा. उपासाआधी नीट जेवा, पाणी भरपूर प्या. मलाही जायला हवं, चारच्या आत इथून हलायला हवं. तो खांदा तेवढा नीट करून घ्या कुणाकडून तरी.

काय म्हणतोय हा रखवालदार? — अरे, मोठ्यानं बोल बाबा. तिसऱ्या ओळीतली नवी जागा? बरं. पाटी कलंडली आहे? बरं, मग? — कोण? मी? नातेवाईक? नाही रे. मी कोण त्यांचा. पाय दुखले म्हणून बसलो होतो बाकावर. नाही, यायचं नाहीये आता कोणी. लाव कुलूप.